‘तुमचे न्यायमूर्ती’ : एका साकुरा सहलीचं प्रकरण

कंपनी दादरची, आता दुसऱ्या पिढीच्या हातात. नाव इथे नको. मराठी टूर मॅनेजर, सकाळी सहाला आल्याचा चहा आणि रात्री कुठल्याही देशात वरणभात, एवढ्या भांडवलावर तिने अंदमानपासून जपानपर्यंत पसारा वाढवला. मी अशा कंपन्यांसाठी स्थळांची टिपणं लिहिते, म्हणजे बसमध्ये माइक हातात आल्यावर टूर मॅनेजरने काय सांगायचं ते. या प्रकरणात मला बोलावलं ते एका तक्रारीमुळे. तक्रारी खरं तर दोन होत्या आणि एकमेकींच्या अगदी उलट.

२०२५च्या मार्चअखेरीस गेलेल्या ‘साकुरा स्पेशल’, म्हणजे चेरीच्या बहराच्या, सहलीत टोक्योच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यासुकुनी होतं, जपानसाठी युद्धात मेलेल्यांना देव मानून पूजणारं मंदिर. ते कार्यक्रमात का होतं हे आधी सांगते, कारण पुढे जो तो त्यामागे हेतू शोधत बसला. टोक्योत चेरी फुलली अशी घोषणा जपानचं हवामान खातं ज्या झाडाकडे बघून करतं, ते नमुन्याचं झाड यासुकुनीच्या आवारात आहे. जवळच चिदोरिगाफुचीचा खंदक, दोन्ही काठांवर फुलांनी वाकलेल्या फांद्या. साकुरासाठी पैसे मोजलेल्या माणसाला इथे आणायचं नाही तर कुठे? कंपनीच्या छापील कार्यक्रमात एवढंच होतं : ‘यासुकुनी मंदिर, प्रसिद्ध चेरी वृक्ष, फोटो स्टॉप.’

फोटो स्टॉपवर काय झालं, हे आपल्याला बऱ्यापैकी नेमकं कळतं, कारण पार्ल्याच्या एका काकांनी त्याचं चित्रण करून सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. जपानी गाइड, करड्या सुटातला, साठीच्या आसपासचा, हातात छोटी छत्री उंच धरलेली. युशुकान या युद्धसंग्रहालयाजवळ, काळा कोट घातलेल्या एका भारतीय माणसाचं छायाचित्र असलेल्या शिळेपाशी तो थांबतो आणि इंग्रजीत सांगतो, ‘हे तुमचे न्यायमूर्ती. अकरा न्यायाधीशांत एकटे हेच खरं बोलले.’ टाळ्या. मागून कुणीतरी ‘भारत माता की जय’. एक आजोबा टोपी काढून हात जोडतात. गाइड कमरेत वाकून नमस्कार करतो आणि पुढे म्हणतो, ‘चीन म्हणतो नानकिंगला तीन लाख मेले. तुमच्या न्यायमूर्तींनीसुद्धा ते मानलं नाही. तो विजेत्यांचा प्रचार होता.’ तेवढ्यात चौकटीबाहेरून एका बाईंचा आवाज येतो : ‘म्हणजे तिथे माणसं मेलीच नाहीत का?’ गाइड हसून म्हणतो, ‘युद्धात दुःखद गोष्टी होतात, मॅडम.’ आणि लगेच टूर मॅनेजरचा आवाज : ‘काकू, चला ना, बाराला जेवणाचं बुकिंग आहे.’

तो आवाज होता गिरगावच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून आता डोंबिवलीला स्थायिक झालेल्या बाईंचा. परत आल्यावर त्यांनी कंपनीला फुलस्केप कागदावर पाठपोट पत्र लिहिलं. पैसे परत मागितले नव्हते. मागणी एकच होती : तुमच्या बसमध्ये बसून आम्हाला जे सांगितलं जातं, त्याची जबाबदारी तुम्ही घेता की नाही, ते लेखी कळवा.

पार्ल्याच्या काकांना या पत्राचा सुगावा लागला आणि त्यांनी ईमेल केला. अख्ख्या सहलीत अभिमानाने ऊर भरून आला तो क्षण तोच, त्यावर आता माफीबिफी मागू नका. आणि आम्ही काय चीनची वकिली ऐकायला लाखो रुपये मोजले का?

मालकांनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, ‘ताई, मला इतिहास नको. मला नोव्हेंबरची बुकिंग हवीत. यातलं कोण बरोबर तेवढं सांगा.’

गाइड नेमकं काय बोलला?

गाइडच्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं होतं, हीच यातली गोम. धडधडीत खोटं बोलणारा गाइड सोपा असतो, त्याची तक्रार करता येते.

राधाबिनोद पाल हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानच्या नेत्यांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवायला १९४६ ते १९४८ या काळात टोक्योत बसलेल्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणावर ते भारताचे प्रतिनिधी होते. अकरा न्यायाधीश, अठ्ठावीस आरोपी. खटला संपेपर्यंत दोघे वारले, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं, उरलेल्या पंचविसांना बहुमताने दोषी ठरवलं आणि त्यातल्या सात जणांना फाशी झाली. पालांनी हजारापेक्षा जास्त पानांचं स्वतंत्र निकालपत्र लिहून सगळ्यांना निर्दोष म्हटलं. इथपर्यंत गाइड बरोबर.

‘एकटे’ हे चूक. फ्रान्सच्या आणि नेदरलँड्सच्या न्यायाधीशांनीही बहुमताशी असहमती नोंदवली होती; सगळ्यांना सोडा असं मात्र फक्त पालांनी म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. पालांनी आरोपींना का सोडलं? कारण आक्रमक युद्ध पुकारणं हा त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा नव्हता असं त्यांचं मत होतं. मागाहून कायदा करून आधीच्या कृत्याला शिक्षा देता येत नाही. सगळ्या नेत्यांनी मिळून वर्षानुवर्षं एक कट रचला हे सिद्ध झालं नाही. आणि हाताखालच्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची गुन्हेगारी जबाबदारी या वरच्या मंडळींवर टाकण्याएवढा पुरावा नाही. शिवाय हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकणाऱ्यांनी न्यायासनावर बसावं याची त्यांना मनस्वी चीड होती. अणुबॉम्बच्या निर्णयाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आजही झोंबतं. यातल्या बऱ्याच मुद्द्यांवर त्यांच्याशी सहमत होणारे कायदेपंडित आहेत, आणि मलाही विजेत्यांच्या न्यायाबद्दलचा त्यांचा आक्षेप पोकळ वाटत नाही.

पण नानकिंगला काही घडलंच नाही, असं पालांनी कुठेही म्हटलेलं नाही. साक्षीदारांच्या अतिशयोक्तीबद्दल, युद्धकाळातल्या प्रचाराबद्दल ते साशंक होते. मात्र ही सगळी सूट दिल्यावरही जपानी सैनिकांनी व्याप्त प्रदेशातल्या नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे, असं त्यांनी त्याच निकालपत्रात लिहून ठेवलं. शिळा उभारली २००५ साली. तिच्यापाशी उभं राहून हे वाक्य कुणी ऐकवत नाही.

बैठक झाली ऑगस्टमध्ये, दादरच्या ऑफिसात, पोटमाळ्यावर. बाई आल्या होत्या, काकाही आले होते. काकांचा मुद्दा असा की ज्या माणसाने आरोपींना निर्दोष म्हटलं त्याने गुन्हा झाला हे मान्य केलं, हे कसं शक्य आहे? बाईंनी पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने महिन्याभरापूर्वीच, २१ जुलैला, बाराही आरोपींना निर्दोष सोडलं होतं आणि त्या निकालावर घराघरांत चर्चा चालू होती. बाई म्हणाल्या, ‘निकाल चूक की बरोबर ते बाजूला ठेवा. पण आरोपी सुटले म्हणून माहीमला, माटुंग्याला, मीरा रोडला बॉम्ब फुटलेच नाहीत, असं तुम्ही म्हणाल का?’ काका पश्चिम रेल्वेवर तीस वर्षं पासधारक. गप्प झाले. पटलं म्हणून की राग आला म्हणून, ते मी सांगू शकत नाही. पण नंतर मी जेवढ्या टूर मॅनेजरांना पालांबद्दल शिकवलं, त्यांना हेच उदाहरण दिलं, आणि ते कळायला कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कोण दोषी हा एक प्रश्न, काय घडलं हा दुसरा. गाइड पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालत होता.

तीन लाखांचं काय? १३ डिसेंबर १९३७ला जपानी सैन्याने तेव्हाची चीनची राजधानी नानकिंग घेतली आणि पुढचे सहाएक आठवडे शरण आलेले सैनिक आणि साधे नागरिक मारले. टोक्योच्या न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांवर धरला आणि पहिल्या महिन्यातल्या बलात्कारांचा अंदाज सुमारे वीस हजारांचा दिला. तीन लाख हा आकडा चीनच्या न्यायाधिकरणाचा आणि आजच्या चीन सरकारचा. जपानी इतिहासकारांमध्ये यापेक्षा पुष्कळ कमी आकडे मांडणारेही आहेत. म्हणजे आकड्यावर वाद आहे, हे गाइडचं म्हणणं खोटं नाही. खुद्द जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाची अधिकृत भूमिकाही अशी आहे की नेमका आकडा ठरवणं अवघड आहे, पण सैन्य शहरात शिरल्यावर बिगरलढाऊ लोकांची हत्या आणि लूटमार झाली हे नाकारता येत नाही. गाइडने पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा टाकला. तीन लाखांवर शंका घ्यायची, मग दोन लाखांवर, आणि ऐकणारा हळूहळू शून्यापाशी येऊन उभा राहतो. शून्य मात्र कुणी उच्चारलेलं नसतं.

स्तुतीतून आलेला नकार

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस वाटला तो टाळ्यांमध्ये. अत्याचार नाकारणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो तो तावातावाने भांडणारा. इथे तो कमरेत वाकून आला, आपल्याच माणसाचं कौतुक करत. अमेरिकन पाहुण्यांसमोर हा गाइड पालांचं नावही काढत नसेल. भारतीय दिसले की पाल, मराठी-बंगाली दिसले की नेताजी. यात तो कुणी कट्टर विचारवंत असण्याची गरज नाही. पाहुणे खूश झाले की अभिप्राय चांगला येतो, अभिप्राय चांगला आला की पुढच्या हंगामात काम मिळतं. स्थानिक एजंटामार्फत कंपनीने त्याच्याकडे खुलासा मागितला तेव्हा उत्तर अत्यंत नम्र आलं : संग्रहालयात जे लिहिलं आहे तेच मी सांगितलं.

आणि ते खरंच होतं. युशुकानमध्ये नानकिंगबद्दलचा फलक सांगतो की सेनापती मात्सुई यांनी शिस्तीचे सक्त आदेश दिले होते, आणि साध्या कपड्यांत लपलेल्या चिनी सैनिकांवर कडक कारवाई झाली. नागरिकांच्या कत्तलीबद्दल तिथे चकार शब्द नाही. हेच इवाने मात्सुई टोक्यो खटल्यात नानकिंगचे अत्याचार न रोखल्याबद्दल दोषी ठरून फासावर गेले, आणि १९७८ साली ज्या चौदा प्रमुख आरोपींना यासुकुनीत देवत्व बहाल झालं त्यांत ते आहेत. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर या मंदिरात आले नाहीत, त्यांच्यानंतरचे दोन सम्राटही नाहीत. जपानचे सम्राट जिथे पाऊल ठेवत नाहीत तिथे दादरची बस फोटोला थांबते, असं मी मालकांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

संग्रहालयाच्या दर्शनी दालनात एक चकचकीत काळं वाफेचं इंजिन ठेवलं आहे, सी-५६ वर्गातलं, ३१ क्रमांकाचं. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं. आमच्या सहलीतली मुलं त्याच्यासमोर फोटो काढून आली. ही ४१५ किलोमीटरची रेल्वे १९४२-४३मध्ये जपानी सैन्याने युद्धकैदी आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतली. बारा हजारांवर दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी मेले. आशियाई मजूर किती मेले याची नीट मोजदादच झाली नाही. अंदाज नव्वद हजारांच्या आसपासचे. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. पालांच्या शिळेपाशी ‘तुमचे’ म्हणणाऱ्या गाइडने इंजिनापाशी हा शब्द वापरला नाही.

टूर मॅनेजरबद्दल दोन शब्द, कारण बैठकीत सगळ्यांचा रोख त्याच्यावर होता. पोरगा चुणचुणीत, सत्ताविशीचा. म्हणाला, ‘मॅडम, पाल कोण ते मलाच तिथे उभं राहून कळलं. मी काय मध्ये पडणार?’ बरोबरच होतं त्याचं. त्याच्या हातातल्या कागदावर स्वच्छतागृह कुठे, जैन जेवण किती, कुणाला मधुमेह, सगळं होतं. पाल नव्हते.

कंपनी इतकी निर्धास्त का राहिली, याचं उत्तर तिच्या पूर्व युरोपच्या सहलीत सापडलं. ती सहल ऑशविट्झला जाते. तिथे गटाने आलेल्यांना स्मारकाचाच प्रशिक्षित मार्गदर्शक घ्यावा लागतो. तो बोलतो, बाकीचे कानात यंत्र लावून ऐकतात. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे एक संस्था उभी असते, आणि पोलंडमध्ये नाझी अत्याचार जाहीरपणे नाकारणं हा गुन्हाही आहे. टूर मॅनेजरने तिथे गप्प राहणंच योग्य. कंपनीने मनाशी तोच नियम जगभर लावला : स्थळी गेल्यावर बोलायचं काम गाइडचं. यासुकुनीतही गाइडमागे संस्था उभी होतीच, फक्त तिची बाजू दुसरी होती.

पर्याय

मालकांचा पहिला विचार यासुकुनी काढूनच टाकायचा. मी त्याच्या विरोधात होते. चेरीचं झाड तिथून हलणार नाही, ‘आम्हाला पालांची शिळा का नाही दाखवली’ म्हणून पार्ल्याचे काका भांडणार, आणि लोक मोकळ्या वेळात स्वतःच जाणार. मग निदान आपण सांगून तरी न्यावं.

दुसरा पर्याय बाईंचा : यासुकुनीऐवजी चिदोरिगाफुचीचं राष्ट्रीय स्मशान. १९५९ साली सरकारने बांधलेलं, परदेशात मेलेल्या आणि ओळख न पटलेल्या लाखो जपान्यांच्या अस्थी तिथे आहेत. कुणाला देव केलेलं नाही, संग्रहालय नाही. चालत काही मिनिटांवर. मला हा पर्याय आवडला. मालकांना ‘स्मशान’ छापील कार्यक्रमात नको होतं. सहलीला निघालेल्या माणसाला सकाळी सकाळी स्मशान दाखवायचं म्हणजे अपशकुन, हे त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. आपली गिऱ्हाइकं आपल्याला माहीत असतात. शेवटी ठरलं की खंदकाच्या काठाने चालत जाताना ते ज्याला बघायचं त्याने बघावं.

तिसरं काम बारीक होतं. २०१७ साली टोक्योतल्या एका मोठ्या हॉटेलसाखळीच्या खोल्यांमध्ये नानकिंग हत्याकांड खोटं ठरवणारं, तिच्या मालकानेच लिहिलेलं पुस्तक ठेवलेलं सापडलं होतं. चीनच्या पर्यटन खात्याने त्या साखळीवर बहिष्कार टाकायला सांगितलं, मालकाने पुस्तक काढायला नकार दिला. आपल्या सहली कुठे उतरतात हे त्या दृष्टीने कंपनीने कधी बघितलं नव्हतं. बघितलं, आणि पुढे काय करायचं ते मालकांवर सोडलं.

आणि मुख्य काम, बसमधलं निवेदन. सहा मिनिटांपेक्षा मोठं नको, असं टूर मॅनेजर म्हणाला. त्यानंतर लोक खिडकीबाहेर बघतात. शेवटी जे ठरलं त्यातला मधला भाग असा :

‘आत आपल्या राधाबिनोद पालांची शिळा आहे. फोटो जरूर काढा. पालांनी टोक्यो खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, कारण खटल्याचा कायदेशीर पायाच त्यांना मान्य नव्हता. पण जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे, हेही त्यांनीच लिहिलंय. गाइडने पहिलं सांगितलं आणि दुसरं नाही, तर दुसरं तुम्ही लक्षात ठेवा. आणखी एक नाव. नानकिंग पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३८ साली, आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या धक्क्यावरून बोटीने चीनला निघाले. जपानच्या हल्ल्यात सापडलेल्या लोकांवर उपचार करायला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ साली तिथेच वारले. आपला एक माणूस या खटल्यात होता, आणि आपलाच दुसरा माणूस त्या जखमांवर पट्ट्या बांधत होता.’

कोटणीसांची भर बाईंची. ‘चीनची वकिली’ या शब्दांवर त्यांनी बैठकीत एवढंच विचारलं होतं, की मग कोटणीस मुंबईहून कशासाठी गेले होते? परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेला मुलगा, त्याला काय चीनची वकिली करायची होती? काकांनी यावर चहा मागवला.

पत्राचं शेवटचं पान

इथे प्रकरण संपलं असतं. पण बाईंच्या पत्राच्या मागच्या पानावर एक परिच्छेद होता, जो मालकांनी मला पहिल्या दिवशी वाचून दाखवला नव्हता.

बाई याच कंपनीबरोबर अंदमानला गेल्या होत्या. अंदमान म्हणजे आपल्याकडे सहल कमी आणि वारी जास्त. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, तिथे डोकं टेकवणारी माणसं. बाईंनीही टेकवलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. गाइडने १९०६ ते १९३८ तासभर सांगितलं : कोलू, दंडाबेडी, उपोषणं. आणि पुढचं एका वाक्यात : ‘मग जपानी आले आणि नेताजींनी इथे पहिला तिरंगा फडकवला.’ नंतर कॉर्बिन्स कोव्हला जपानी बंकर दाखवले, लोकांनी आत शिरून फोटो काढले. त्या बंकरवाल्यांनी तीन वर्षं अंदमानात काय केलं, हे कुणी सांगितलं नाही. बाईंनी लिहिलं होतं, टोक्योच्या गाइडला नावं ठेवण्याआधी हे बघा.

त्या एका वाक्यात काय काय दडलंय ते असं. २३ मार्च १९४२ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. हेरगिरीच्या संशयावरून धरपकड सुरू झाली, आणि जे जेल इंग्रजांनी बांधलं होतं तेच पुन्हा भरलं, या वेळी छळणारे आशियाई आणि छळ सोसणारे भारतीय. दिवानसिंग नावाचे पंजाबी डॉक्टर आणि कवी, भारतीय स्वातंत्र्य संघाच्या स्थानिक शाखेचे प्रमुख, म्हणजे नेताजींच्याच चळवळीतला माणूस, त्याच जेलात कोंडले गेले. डिसेंबर १९४३च्या अखेरीस नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, ३० तारखेला जिमखाना मैदानावर तिरंगा फडकला, नेताजींना जेलही दाखवण्यात आलं. दिवानसिंग तेव्हा आतच होते. जपान्यांनी भेट होऊ दिली नाही. १४ जानेवारी १९४४ला छळामुळे त्यांचा मृत्यू झाला. ३० जानेवारीला हम्फ्रीगंजला ४४ भारतीयांना एका खंदकापाशी गोळ्या घातल्या; त्यांतले बरेच स्वातंत्र्य संघाचे. ऑगस्ट १९४५मध्ये, जपान शरण येण्याच्या सुमारास, अन्न पुरेना म्हणून शेकडो लोकांना बोटींत घालून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरायला लावलं. बरेचसे बुडाले, किनाऱ्याला लागले ते उपाशी मेले, वाचले ते मोजके. हॅवलॉकला २०१८पासून स्वराज द्वीप म्हणतात, आणि आपली मंडळी तिथे राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला जातात.

हे टिपणात घालायला मालक घाबरले, आणि जपानच्या वेळेपेक्षा जास्त. ‘नेताजी आले असताना आत माणसं मरत होती असं मी बसमध्ये सांगू? जाळतील मला.’ माझं मत वेगळं होतं. नेताजींवर दोषारोप करायची गरजच नाही. त्यांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे जपान्यांनी ठरवलं होतं, एवढं सरळ सांगितलं तर ऐकणारा स्वतः समजून घेतो. उलट दिवानसिंग हे नेताजींचेच माणूस, त्यांचं नाव न घेणं हा कुठला आदर? यावर बरीच घासाघीस झाली. तिरंग्याचं वाक्य तसंच राहिलं, त्याच्यापुढे दिवानसिंग आणि हम्फ्रीगंज आले, आणि बंकरच्या फोटोआधी दोन मिनिटं बोलायचं ठरलं. हॅवलॉकचं प्रकरण बोटीवर सांगायचं नाही, परतल्यावर संध्याकाळी सांगायचं. हा बदल टूर मॅनेजरांनी सुचवला, आणि तो शहाणपणाचा होता. समुद्राला घाबरणाऱ्या आजींना बोटीवर ते ऐकवण्यात काही अर्थ नव्हता.

पुढे काय झालं

दिवाळीच्या अंदमान सहलीत नवं टिपण वापरलं. जाळपोळ झाली नाही. पोर्ट ब्लेअरच्या स्थानिक गाइडला हे सगळं आधीच माहीत होतं, आपल्या टिपणापेक्षा जास्त. आजवर सांगितलं का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘साहब, टूरिस्ट पूछता नहीं, तो हम बोलते नहीं.’ दोघा-तिघांनी वेगळी गाडी करून हम्फ्रीगंजचं स्मारक बघितलं. एका गृहस्थांनी मात्र अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं की सुट्टीत इतकं दुःख नको. कंपनीने तो अभिप्रायही ठेवून दिला आहे.

नोव्हेंबरच्या लाल पानांच्या जपान सहलीला गाइड दुसरी होती, तरुण मुलगी. बसमध्ये मराठीत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण ‘नानकिंग’ कळलं. शिळेपाशी ती पालांबद्दल थोडक्यात बोलली आणि थांबली. मग टूर मॅनेजरला बाजूला घेऊन म्हणाली की माझ्या शाळेच्या पुस्तकात ते होतं, पण पाहुण्यांसमोर काय बोलावं ते मला कधी समजत नाही. स्थानिक एजंटाने मात्र कंपनीला कळवलं की गाइडच्या आधी दुसऱ्याने निवेदन करणं त्यांच्याकडच्या पद्धतीला धरून नाही. मालकांनी उत्तर दिलं की आमच्या बसमध्ये मराठीत काय बोलायचं ते आम्ही ठरवू. हे वाक्य त्यांनी मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

पार्ल्याचे काका ग्रुपवर अजून आहेत. पालांच्या शिळेचा फोटो त्यांनी प्रोफाइलला ठेवला आहे, काढलेला नाही, आणि काढायला कुणी सांगितलंही नाही. बाईंना कंपनीने लेखी उत्तर पाठवलं : होय, जबाबदारी घेतो.

आता कंपनी चीनची सहल आखते आहे. शांघायहून नानकिंग वेगवान रेल्वेने एक-दोन तासांवर, आणि तिथल्या १९८५ सालच्या स्मारकात भिंतीवर तीन लाखांचा आकडा कोरलेला आहे. तिथला मार्गदर्शक त्या आकड्यावर प्रश्न ऐकून घेणार नाही, आणि चीनच्या स्वतःच्या सरकारने स्वतःच्या लोकांचं काय केलं यावर तर नाहीच. त्या सहलीच्या टिपणात मी टोक्यो न्यायाधिकरणाचा दोन लाखांवरचा आकडा आणि चीनचा तीन लाखांचा, दोन्ही कुणाचे आहेत ते सांगून दिले आहेत. मालकांनी विचारलं की एकच आकडा द्या, लोक गोंधळतात. मी दिलेला नाही. टिपण अजून त्यांच्या टेबलावर आहे.